माझ्या श्राद्धाचे गहू

आमच्या हॉस्पिटलात कविता करणारे डॉक्टर दोन होते. त्यातले एक खरे कवी होते. दुसरा मी.

बर्मिंगहॅमच्या कडेला, बसचा शेवटचा स्टॉप आल्यावरही थोडं चालावं लागे, अशा ठिकाणी ती लाल विटांची इमारत होती. पूर्वी तिथे शहरातल्या निराधारांना ठेवत. ऐंशीच्या दशकात आम्ही तिथे म्हाताऱ्यांना ठेवत होतो, आणि म्हाताऱ्यांना हा फरक कोणी समजावून सांगितला नव्हता. भारतातून आलेल्या डॉक्टरला तेव्हा हृदयाचं किंवा मेंदूचं काम सहसा मिळत नसे. त्याच्या वाट्याला वृद्धांचा विभाग येई. घरच्या पत्रात मी 'जेरियाट्रिक मेडिसिन' असं भारदस्त लिहायचो. आई शेजारणींना सांगायची, काहीतरी नवीन निघालंय, आमच्याच मुलाला येतं.

खरे कवी म्हणजे आमचे ग्रीक डॉक्टर. पंचावन्नच्या आसपासचे, भुवया दाट, कोटाच्या दोन्ही खिशांत कागद. त्यांच्या देशात लष्कराचा अंमल आला तेव्हा दोन सुटकेसी घेऊन ते इकडे आले. एकीत पुस्तकं होती आणि दुसरीतही पुस्तकंच होती, त्यामुळे पहिला हिवाळा हॉस्पिटलच्या ब्लँकेटात काढला, असं ते सांगत. कन्सल्टंट, म्हणजे विभागाचा मोठा डॉक्टर, त्यांना कोणी केलं नाही. मुलाखतीत छंद विचारला तेव्हा ते म्हणाले होते, "मेडिसिन." इंग्रज माणसाला विनोद आवडतो, पण तो त्याने स्वतः केलेला असावा लागतो.

ग्रीकमध्ये त्यांची कवितांची तीन पुस्तकं होती, तिन्ही मिळून आमच्या खिशातल्या औषधांच्या पुस्तिकेच्या निम्म्या जाडीची. पण त्यांचा खरा ध्यास दुसराच होता. हॉस्पिटलात काम करणाऱ्या माणसांच्या भाषांमधून एकेक कविता घ्यायची आणि तिचं ग्रीक करायचं. वॉर्डची आयरिश सिस्टर, जमैकाचा पोर्टर, फार्मसीतले बंगाली बाबू, सात नंबरच्या बेडवरचे पोलिश आजोबा, सगळ्यांना त्यांनी पिळून काढलं होतं. वीस वर्षं हा उद्योग चालला होता. त्याचं एक मोठं पुस्तक त्यांच्या निवृत्तीच्या सुमारास अथेन्समध्ये छापायचं ठरलं होतं.

या कामाची त्यांची पद्धत अशी: आधी कविता मूळ भाषेत दोनदा म्हणायला लावायची. त्या वेळी ते डोळे मिटून, स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवून बसत. मग हॉस्पिटलचा केसपेपर काढायचा आणि कवितेची हिस्ट्री घ्यायची. मुख्य तक्रार काय? ती आली नाही. किती दिवसांपासून? दोन वर्षं. घराण्यात कोणाला असं होतं का? सगळ्यांना. असे शेकडो केसपेपर त्यांच्या कपाटात होते. एकदा चुकून एक कविता पेशंटच्या फाइलमध्ये गेली आणि रात्रपाळीच्या डॉक्टरने तिला पॅरासिटामॉल लिहून दिलं.

शिवाय एक नियम होता, आणि तो ते कधी मोडत नसत. आमच्या विभागात म्हाताऱ्याला घरी सोडण्याआधी डॉक्टरने त्याच्या घरी जाऊन यायचं असतं: जिने किती, संडास कुठे, शेजारी कोण. याला होम व्हिजिट म्हणतात. डॉक्टर कवितांचंही तेच करायचे. सिस्टरच्या काकाची कविता छापण्याआधी ते रजा काढून आयर्लंडला गेले. काकाने 'खिडकीतून दिसणारा समुद्र' लिहिलं होतं. समुद्र खिडकीतून दिसत नव्हता, छपरावर चढलं तर दिसत होता. डॉक्टर छपरावर चढले, समुद्र आहे याची खात्री केली आणि मगच ती कविता पास झाली. "भाषांतर करणाऱ्याकडे दुसरं काय असतं?" ते म्हणायचे. "मूळ कोणी वाचणार नाही. वाचणाऱ्याला फक्त माझ्या शब्दावर विसंबावं लागतं."

अशा माणसाला मी फसवलं.

झालं असं. एका दुपारी वॉर्डच्या किचनमध्ये चहा पिताना ते म्हणाले, तुझ्या भाषेतलं माझ्याकडे अजून काही नाही. आता माझ्यापुढे सातशे वर्षांचं मराठी वाङ्मय पडलं होतं. एखादा अभंग म्हणून दाखवला असता तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मेडिकल कॉलेजात असताना मी एका वहीत अकरा कविता केल्या होत्या, आणि ती वही मी पुण्याहून मुंबई, मुंबईहून लंडन, लंडनहून बर्मिंगहॅम अशी फिरवली होती. पासपोर्टही मी एवढा जपला नसेल. त्यातली पहिली मी म्हटली. त्यांनी मनगटावर बोटं ठेवली. संपल्यावर डोळे उघडून विचारलं, "कोणाची?"

तुम्हीच सांगा, काय म्हणणार? आपली कविता आपली म्हणून सांगणं म्हणजे स्वतःच्या लग्नात स्वतःच्याच डोक्यावर अक्षता टाकणं. आमच्या घरात तसं वळण नव्हतं. शिवाय, खरं सांगायचं तर, आवडली नाही तर सुटायला एक दार हवं होतं. म्हटलं, "आहे असाच, आमच्याकडचा एक."

"सुंदर आहे," ते म्हणाले. "पत्ता दे. आजच पत्र टाकतो."

पत्ता मागितल्याबरोबर मी त्याला मारून टाकलं.

"गेला तो," मी म्हणालो. "सव्वीसाव्या वर्षी."

दुसऱ्या कोणी 'अरेरे' म्हणून सोडून दिलं असतं. पण हे डॉक्टर. "कशाने?" मी घाईत टायफॉइड म्हणालो. कितव्या दिवशी? एकोणिसाव्या. क्लोरॅमफेनिकॉल दिलं नाही? उशिरा दिलं. पोट फुगलं होतं? मला आतड्याला भोक पाडावं लागलं. सर्जनला का बोलावलं नाही? सर्जन रजेवर होता. ते उठून किचनमध्ये फेऱ्या मारायला लागले. कोण गाढव डॉक्टर होता तो, त्यांनी विचारलं. चहाचा कप हातात धरून मी त्या गाढवाची बाजू मांडली. म्हटलं, तरुण होता, अनुभव कमी पडला.

त्याला मी एक टोपणनावही दिलं. ते इथे सांगणार नाही. माणसाला थोडी तरी लाज ठेवावी लागते.

पुढच्या काही महिन्यांत अकराही कविता ग्रीकमध्ये गेल्या. त्यातल्या चार तिकडच्या एका छोट्या मासिकात आल्या, आणि कोण्या शाळामास्तरणीचं डॉक्टरांना पत्र आलं की वाचून तिला दोन दिवस जेवण गेलं नाही. मी पस्तीस वर्षांचा, धडधाकट, रोज डबा खाणारा. माझ्या कविता ऐकून कोणाचा घास कधी अडला नव्हता. त्या मेलेल्याचा मला हेवा वाटायला लागला.

डॉक्टरांनी आणखी मागितल्या. वहीत अकराच होत्या. मग मी तीन नव्या केल्या, रविवारी सकाळी, डायनिंग टेबलावर, टोस्ट खात. त्या म्हणून दाखवल्या तेव्हा डॉक्टरांनी बोटं मनगटावरून लवकर काढली. मग हळुवारपणे म्हणाले, "या शेवटच्या आजारातल्या असणार. ताप मेंदूत गेलेला स्पष्ट दिसतोय." केसपेपरवर त्यांनी तसं लिहिलंसुद्धा.

आता गव्हांचं सांगतो.

त्यांच्या धर्मात लेंटच्या उपासांआधी एक शनिवार मृतांचा असतो, आपल्या सर्वपित्रीसारखा. त्या दिवशी गहू उकडतात, त्यात डाळिंबाचे दाणे, बेदाणे, बदाम घालतात आणि वरून पिठीसाखरेचा जाड थर देतात. मेलेल्यांची नावं वाचायची आणि ते गहू जिवंतांना वाटायचे. डॉक्टरांचा देवावर विश्वास नव्हता, पण आईच्या पाककृतीवर होता. आईच्या हातची एक यादी त्यांच्याकडे होती, घरातल्या मेलेल्यांची. ती गेल्यावर त्यांनी त्यात तिचं नाव घातलं होतं. आणि त्या वर्षी तिच्या खाली माझ्या कवीचं. त्याच्यासाठी इकडे दुसरं कोण करणार, असं म्हणून शनिवारी दुपारी ते पायरेक्सचं भांडं घेऊन आमच्या घरी हजर झाले.

बायकोला तोवर मी काही सांगितलं नव्हतं. ती दुसऱ्या एका हॉस्पिटलात मेडिकल रेकॉर्ड्सला होती. कोणती फाइल कुठे आहे हे तिला माझ्या चेहऱ्यावरूनही कळायचं. डॉक्टरांनी टोपी काढून, गंभीर आवाजात, त्या तरुण कवीच्या अकाली मरणाबद्दल दोन शब्द सांगितले, त्याच्या पहिल्या कवितेचा अर्थही सांगितला. ती कविता लग्नाआधी मी हिला पत्रातून पाठवली होती. तिने भांडं घेतलं, आत गेली. मी मागोमाग गेलो.

"मेलात," ती वाट्या काढत म्हणाली, "आणि मला सांगितलंही नाहीत?"

बाहेर येऊन तिने वाढलं. मला सगळ्यांत जास्त. मी ते खाल्लं. चव वाईट नव्हती. गव्हाची खीर करायला घेतली आणि गूळदूध विसरलं, तर अशी लागेल. श्राद्धाला कावळ्याची वाट बघणारे पुष्कळ पाहिलेत, पण स्वतःच कावळा होऊन स्वतःचा पिंड शिवणारा आमच्या घराण्यात मीच पहिला.

हे चार वर्षं चाललं. दरवर्षी भांडं यायचं, दरवर्षी बायको म्हणायची, "अहो, घ्या ना आणखी, तुमचंच आहे." चौथ्या वर्षी मुलगी आठ वर्षांची होती. तिला आईने कधीतरी काय ते सांगितलं होतं. टेबलावर सगळे बसलेले असताना ती आपल्या मराठीत म्हणाली, "बाबा, आपण दर वर्षी तुझी फ्यूनरल का खातो?" डॉक्टरांनी कौतुकाने विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, तिला फार आवडलंय. त्यांनी आनंदाने तिला आणखी वाढलं. मुलीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर अजून माझ्या लक्षात आहे, कारण ती आईची होती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टर साठीच्या पुढे गेले आणि निवृत्तीची तारीख आली. पुस्तकाची प्रुफं आली. सगळ्या कवींच्या होम व्हिजिट झाल्या होत्या, एकाची सोडून. फेब्रुवारीत वॉर्ड राउंड संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. सहा आठवड्यांची रजा टाकली होती. भारतात जाऊन त्या मुलाचं घर पाहायचं होतं आणि आई असेल तर छापील पान तिच्या हातात द्यायचं होतं.

मी म्हटलं, घर सातारा जिल्ह्यात, फार आडबाजूला. ते म्हणाले, मी बोकडांच्या वाटेने जाऊन होम व्हिजिट केलेली आहे. मग मी म्हटलं, ते गावच आता नाही, धरणात गेलं. हे मी कसं म्हणालो मला माहीत नाही. आधी माणूस मारला होता, आता अख्खं गाव बुडवलं. डॉक्टरांचे डोळे भरून आले. "मग पाण्याच्या काठावर उभा राहीन," ते म्हणाले. "आणि आई?" आईचं मला पुनर्वसन करावं लागलं. कुठे केलं ते त्यांनी डायरीत लिहून घेतलं.

संध्याकाळी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"पुस्तक छापलं की काय होणार?" तिने विचारलं.

मी म्हटलं, ग्रीकमध्ये आहे, कोणाला कळणार.

"त्यांना कळेल. सातारला उतरल्यावर दोन तासांत कळेल. आणि त्या पुस्तकात एक पान खोटं निघालं की आयरिश काका खोटा, पोलिश आजोबा खोटे, वीस वर्षं खोटी. लोक म्हणतील, यांनी सगळे घरी बसून रचले." तिने माझा शर्ट झटकला. "तुमचं काय जातंय? तुम्ही मेलेलेच आहात. आमच्याकडे मेलेल्यांच्या फाइली तळघरात ठेवतात. तुमची कुठे ठेवू तेवढं सांगा."

प्रुफं परत पाठवायला दहा दिवस होते. त्यातले आठ मी युक्त्या शोधण्यात घालवले. शेवटच्या रविवारी दुपारी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो.

ते एकटेच राहायचे. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर पुस्तकं, चालायला मधे पाऊलभर जागा. स्वतःच्या घराला त्यांनी होम व्हिजिटमध्ये नक्की नापास केलं असतं. टेबलावर प्रुफं पसरली होती. मी वही पुढे केली. म्हटलं, मूळ आणलंय. त्यांनी चष्मा लावून ती उघडली. देवनागरी त्यांना येत नव्हती, पण बारा वर्षं ते माझे ड्रग चार्ट वाचत आले होते. माझा तो आडवातिडवा, उजवीकडे कलणारा हात त्यांनी क्षणात ओळखला असणार. पानं उलटत राहिले. मी जे काही पाठ करून आलो होतो त्यातलं एक वाक्य बाहेर पडलं: "हा मीच आहे."

त्यांनी वही मिटली.

"आतड्याला भोक नव्हतं?"

"नाही."

"ताप?"

"कधीच नाही."

"आणि त्या शेवटच्या तीन?"

"त्या इथे लिहिल्या. रविवारी सकाळी."

"म्हणजे तापाने मेंदूत काही झालं नव्हतं."

"नाही."

ते माझ्याकडे डॉक्टरच्या नजरेने पाहत राहिले; वाईट बातमी पेशंटला कशी सांगावी याचा विचार करत असावेत. मग म्हणाले, "सव्वीसाव्या वर्षी गेलेल्या मुलाच्या म्हणून मी त्या छापत होतो. तो पुढे काय झाला असता, हे मी प्रत्येक ओळीच्या पुढे मनातल्या मनात वाचत होतो. चाळीस वर्षांच्या जिवंत डॉक्टरच्या म्हणून त्या छापता येणार नाहीत. तो पुढे काय झाला ते समोर बसलंय."

मी म्हटलं, हो.

उठून त्यांनी ड्रॉवरमधून आईची यादी काढली. पिवळा पडलेला कागद, वरची सगळी नावं बाईच्या वळणदार अक्षरात, शेवटची दोन यांच्या. औषध बंद करताना चार्टवर जशी करतात तशी एक सरळ रेघ त्यांनी शेवटच्या नावावर ओढली, बाजूला तारीख घातली, सही केली. मग पेन माझ्या पुढे केलं. इंग्लंडात माणूस जाळायचा असेल तर दोन डॉक्टरांच्या सह्या लागतात. माणूस परत जिवंत करायला किती लागतात ते कुठे लिहिलेलं नाही, पण त्यांनी दोनच धरल्या. त्यांच्या आईच्या नावाखाली, माझ्या खोट्या नावाशेजारी, मी माझी खरी सही केली. त्या यादीत एवढं गचाळ अक्षर दुसऱ्या कोणाचं नव्हतं.

"चार वर्षं," ते म्हणाले, "तिच्या नावानंतर मी तुझं नाव घेत होतो." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

चौदा पानं पुस्तकातून गेली. अथेन्सला काय कळवलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. भारताची रजा रद्द झाली. पूर्वी ते मला 'माय फ्रेंड' म्हणत. आता 'डॉक्टर' म्हणायला लागले, आणि तेही फक्त एखाद्या पेशंटच्या पोटॅशियमविषयी बोलायचं असेल तेव्हा. इंग्लिशमध्ये तू आणि तुम्ही नाही म्हणून काही लोक त्या भाषेचं कौतुक करतात. त्यांनी त्या तीन महिन्यांत मला इंग्लिशमध्ये 'अहो-जाहो' करून दाखवलं. त्या वर्षीचा मृतांचा शनिवार आला आणि गेला. भांडं आलं नाही. मुलीने विचारलं, या वर्षी बाबा मेला नाही का? बायकोने तिला वरण वाढलं.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात मी त्यांच्या खोलीत गेलो. ते कपाट रिकामं करत होते. म्हटलं, तुमच्या कविता मराठीत करायच्या आहेत, परवानगी द्या.

"का?"

म्हटलं, "तुमच्या मी कधी वाचल्याच नाहीत. बारा वर्षं शेजारी काम केलं, तुम्हाला माझ्याच ऐकवल्या."

त्यांनी एक कोरा केसपेपर माझ्यापुढे टाकला. "लिहून घे. माझ्या देखरेखीखाली. प्रत्येक शब्द विचारायचा."

पुढचा हिवाळा मी दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे जात होतो. त्यांच्या कविता लहान असायच्या. एकीत एक म्हातारी घरी सोडताना पायात हॉस्पिटलच्या चपला तशाच घालून निघते आणि विचारते, कोणाच्या घरी नेताय मला. एकीत फक्त चादर बदलतात, दुसरं काही होत नाही. मी म्हणायचो, सोपं आहे. ते म्हणायचे, मुख्य तक्रार सांग. मला सांगता यायची नाही. दोन रविवार त्या चादरीत गेले. तेव्हा कळलं की बारा वर्षं हा माणूस माझ्या बरोबरीने त्याच वॉर्डात त्याच चादरी बघत होता आणि मी कवितेत प्रेयसीच्या वेणीत अडकलो होतो. झालं की मी मराठी मोठ्याने वाचायचो, ते डोळे मिटून ऐकायचे आणि म्हणायचे, "ठीक." याच्या वर ते कधी गेले नाहीत.

सहा कविता झाल्या. इकडच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात छापून आल्या: मायक्रोवेव्हमधले बेसनलाडू आणि एका ट्रॅव्हल एजंटची जाहिरात यांच्या मधे. वर त्यांचं नाव, खाली 'भाषांतर' म्हणून माझं. अंक मी त्यांना पोस्टाने पाठवला. चार दिवसांनी संध्याकाळी फोन आला. मी कणीक मळत होतो, तसाच चिकट हाताने घेतला.

"किती लोकांनी वाचल्या?" त्यांनी विचारलं.

पूर्वीचा मी 'खूप' म्हणालो असतो. मंडळाच्या अध्यक्षांचे डोळे पाणावलेही असते. म्हटलं, "दोन."

"काय म्हणाले?"

"एक रीडिंग शहरातले कानाचे डॉक्टर. ते म्हणाले, भाषांतर वाटतं. दुसरी व्यक्ती अजून काही बोललेली नाही."

"दोन," ते म्हणाले. "माझ्या दुसऱ्या पुस्तकाला एक होता, आणि तो प्रुफं तपासणारा होता." मग, अगदी सरळ आवाजात: "आणि हे दोघं जिवंत आहेत?"

मला हा प्रश्न यायचाच होता. तो कधी येईल याची मी वर्षभर वाट बघत होतो. बायको सोफ्यावर होती, तिच्या मांडीवर तोच अंक होता. मी रिसीव्हर तिच्याकडे दिला. म्हटलं, "मी जिवंत आहे का विचारतायत. म्हणजे, तू आहेस का."

"आहे," ती फोनमध्ये म्हणाली. "मीच दुसरी."

काहीतरी बोलणं झालं. मग तिने चष्मा लावला आणि म्हातारीची कविता मराठीत वाचायला घेतली. त्यांनी मागितली असणार. मी दारात उभा राहून ऐकत होतो. माझ्या भाषांतरात म्हातारी 'पादुका' घालून निघाली होती. कवितेत जरा वजन हवं म्हणून मी तो शब्द घातला होता आणि डॉक्टरांना सांगितलं होतं की हाच त्याला नेमका शब्द. बायकोने मला न विचारता तिथे 'चपला' वाचलं आणि पुढे गेली.

ती मधेच थांबली. पलीकडून ते काहीतरी म्हणत होते. तिने रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"विचारतायत, चौथ्या ओळीत काय बदललं. हिवाळ्यात ऐकली होती तेव्हा तिथे अडखळत होती म्हणतायत."

"मग?" मी म्हटलं.

"मी सांगते त्यांना," ती म्हणाली आणि हात काढला.

ती बराच वेळ सांगत होती. कणीक माझ्या बोटांवर वाळून गेली. शेवटी तिने फोन ठेवला आणि अंकात पेन्सिलीने खुणा करायला लागली. मी विचारलं, काय म्हणाले?

"रविवारी दोघांना बोलावलंय," ती म्हणाली. "सहाही परत बघायच्या आहेत. तुम्ही गाडी चालवा."